नव्या गाडीत जीपीएस भरकटतं: काच, डॅशकॅम की अँटेना?

रानवाट

गाडी ८ महिन्यांची आहे. कंपनीचाच १० इंची स्क्रीन, वायरलेस अँड्रॉइड ऑटो (फोनचा नकाशा गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय), टपावर शार्कफिन (माशाच्या पंखासारखी अँटेना) आणि पॅनोरॅमिक सनरूफ. काचांना फिल्म नाही. नंतर बसवलेली वस्तू एकच, डॅशकॅम. तो आरशाखाली काचेच्या मधोमध चिकटवलाय आणि लायटर सॉकेटमधल्या दोन तोंडी चार्जरवर चालतो.

त्रास असा: सकाळी सोसायटीच्या तळघरातून बाहेर पडलं की पहिली ४-५ मिनिटं नकाशातला बाण पार्किंगमध्येच अडकून राहतो. मोठ्या रस्त्याला लागल्यावर तो ५०-६० मीटर बाजूला सरकतो, सर्व्हिस रोडवर जाऊन बसतो आणि 'उजवीकडे वळा' हे वळण मागे पडल्यावर ऐकू येतं. फोन गिअरपुढच्या वायरलेस चार्जिंग पॅडवर असतो. अँड्रॉइड ऑटो बंद करून तोच फोन खिडकीबाहेर धरला की १५-२० सेकंदांत बाण जागेवर येतो.

सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट केलं, फरक पडला नाही. आता बाहेरून अँटेना बसवून घ्या असा सल्ला मिळतोय. त्याआधी नेमकं काय तपासू? नव्या गाड्यांच्या काचेतून सिग्नल आत येत नाही म्हणतात, ते खरं आहे का?

सिग्नलवाला

अँटेनाचं नंतर बघू. स्क्रीनवरचा बाण कोणाच्या जीपीएसवर चालतोय, फोनच्या की गाडीच्या, हे आधी पक्कं करा. गाडीत स्वतःचा जीपीएस असेल आणि ती फोनला जागा पुरवत असेल, तर अँड्रॉइड ऑटो गाडीचाच आकडा घेतं. आयफोनच्या कारप्लेचंही तसंच. त्यामुळे फोन कितीही चांगला असला तरी गाडीची अँटेना आंधळी असेल तर नकाशा चुकणारच. फोन बदलून पैसे वाया गेल्याची उदाहरणं याच धाग्यावर अजून येतील बघा.

ओळखायची रीत सोपी आहे. अँड्रॉइड ऑटो तोडा (फोनचं ब्लूटूथ आणि वायफाय दोन्ही बंद), फोन डॅशबोर्डवरच्या होल्डरमध्ये ठेवा आणि फोनच्याच पडद्यावर नकाशा लावून मोकळ्या रस्त्यावर एखादा किलोमीटर जा. परत येताना अँड्रॉइड ऑटो जोडा, फोनची जागा बदलू नका. पहिल्या फेरीत बाण बरोबर आणि दुसऱ्या फेरीत चुकला, तर दोष गाडीच्या बाजूचा. दोन्ही फेऱ्यांत चुकला, तर कारण दोघांनाही एकत्र त्रास देणारं आहे: काच किंवा विजेचा गोंगाट.

तळघरातलं लक्षण मला महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला ५० बिट इतक्या संथ गतीने पाठवतो. लागणारा भाग १८ सेकंदांचा असतो आणि तो दर ३० सेकंदांनी पुन्हा येतो. मधेच सिग्नल तुटला तर पुढच्या फेरीची वाट बघायची. फोन ही माहिती इंटरनेटवरून उचलतो, म्हणून तो लगेच उठतो. गाडीच्या रिसीव्हरला बऱ्याचदा ती सोय नसते. शिवाय ही माहिती साधारण ४ तास चालते, त्यामुळे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी कोरीच असते. दुपारी तासाभराने परत निघताना हाच त्रास होत नसेल, तर माझा संशय गाडीच्या रिसीव्हरवर आणि तिथल्या क्षीण सिग्नलवर.

आता मोजमाप. अँड्रॉइड फोनवर 'जीपीएसटेस्ट' हे फुकट ॲप घ्या. आयफोन असेल तर अँड्रॉइडवाल्या कोणाला तरी सोबत घ्या, कारण आयफोन एकेका उपग्रहाचा आकडा ॲपला दाखवतच नाही. यादीत प्रत्येक उपग्रहापुढे सी/एन झीरो नावाचा आकडा असतो (सिग्नल गोंगाटापेक्षा किती जोरदार आहे ते), एकक डेसिबल-हर्ट्झ. उघड्या आकाशाखाली चांगल्या उपग्रहांचा तो ४० ते ५० असतो. तिशीच्या खाली गेला की नवा उपग्रह पकडायला वेळ लागतो, विशीच्या जवळ आला की पकडलेलाही सुटतो. 'किती उपग्रह दिसतात' याला फार भाव देऊ नका. २५ आकड्याचे ३० उपग्रह असण्यापेक्षा ४२ चे ८ असलेले बरे.

मैदानात, इमारतींपासून लांब गाडी उभी करा. सर्वांत जोरदार चार उपग्रहांची सरासरी चार वेळा टिपा: टपावर फोन ठेवून, होल्डरमध्ये डॅशकॅम बंद असताना, होल्डरमध्ये डॅशकॅम चालू असताना आणि शेवटी चार्जिंग पॅडवर. दर वेळी २ मिनिटं थांबा, आकडे स्थिरावू द्या. डॅशकॅम बंद म्हणजे प्लग सॉकेटमधून उपटलेला, नुसतं बटण दाबलेलं नव्हे. हे चार आकडे इथे टाका, मग बोलू.

काचकाम

काचेबद्दल विचारलंय म्हणून. म्हणणं अर्धं खरं आहे. उष्णता अडवणारी काच दोन जातींची येते आणि लोक दोन्ही एकाच पारड्यात टाकतात. एक जात उष्णता *शोषणारी*: हिरवट झाक असलेली, किंवा दोन काचांमधल्या पीव्हीबी या प्लॅस्टिकच्या थरात बारीक कण मिसळलेली. हिच्यातून रेडिओ लहरी बिनघोर आत येतात. दुसरी जात उष्णता *परतवणारी*. तिच्यात दोन काचांच्या मध्ये चांदीचा अतिपातळ थर असतो. धातू तो धातूच, डोळ्याला पारदर्शक असला तरी जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झला तो पत्र्यासारखाच दिसतो. साधी लॅमिनेटेड काच फार तर दोन-तीन डेसिबल खाते. चांदीचा थर विसाच्या वर खाऊ शकतो आणि २० डेसिबल म्हणजे शंभरातला एक भाग उरणं.

अशी काच ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. रात्री काचेजवळ मेणबत्ती किंवा बारीक टॉर्च धरा आणि तिरकं बघा. प्रतिबिंबं एकामागे एक दिसतील. त्यातलं एखादं बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचं, जांभळट किंवा तांबूस दिसलं तर थर आहे. दुसरी खूण आरशाभोवती: तिथे काळ्या ठिपक्यांची चौकट किंवा थर वगळलेला मोकळा तुकडा मुद्दाम ठेवलेला असतो, टोलच्या टॅगसाठी. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर वाचला जातो, त्यालाही हाच थर आडवा येतो. टॅग काचेवर दुसरीकडे लावल्यावर टोलनाक्यावर वारंवार हुकत असेल आणि आरशामागे लावल्यावर लगेच वाचला जात असेल, तर काचेने कबुली दिली असं समजा. गाडीच्या पुस्तिकेत टॅगची जागा चित्राने दिलेली असते, ती जरूर बघा.

तशी काच निघाली तर थर खरवडणं वगैरे विचारही मनात आणू नका, तो दोन काचांच्या पोटात असतो. फोन त्या मोकळ्या तुकड्याच्या जवळ न्यायचा, नाहीतर टपावरच्या अँटेनावर भिस्त ठेवायची. सनरूफची काचही थर दिलेली असू शकते, म्हणून 'वर एवढी काच आहे, सिग्नल येणारच' हे गृहीत धरू नका.

फिल्म लावू बघणाऱ्यांसाठी: धातूचा लेप असलेली फिल्म हेच नुकसान करते, सिरॅमिक आणि नुसती रंगाची फिल्म करत नाही. दुकानदाराला 'मेटलाइज्ड आहे का' असं थेट विचारा. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे हा नियम आहेच.

परदेशी_पाटी (ल्यों)

+१. फ्रान्समध्ये चांदीच्या थराच्या काचा बऱ्याच वर्षांपासून आहेत. टोलच्या बॅजबरोबर मिळणाऱ्या कागदावरच लिहिलेलं असतं, की अशी काच असेल तर बॅज आरशामागच्या काळ्या ठिपक्यांच्या भागातच लावा. फोनचा होल्डरही तिथून जितका जवळ तितका बरा, मात्र चालकाची नजर अडता कामा नये.

रानवाट

सर्वांचे आभार. काल मोकळ्या मैदानात मोजलं. टप: ४४. होल्डर, डॅशकॅम उपटून: ४१. होल्डर, डॅशकॅम चालू: २९. चार्जिंग पॅड, डॅशकॅम चालू: २३. पॅडवर डॅशकॅम उपटून मोजायचं राहिलं.

दोन फेऱ्याही मारल्या. डॅशकॅम चालू असताना फोनचा बाणही हलतो, पण अँड्रॉइड ऑटोवर जास्त हलतो. दुपारी तासाभराने निघालं तर स्क्रीन पटकन उठतो, तुमचा अंदाज बरोबर निघाला. मेणबत्तीच्या प्रतिबिंबांत वेगळा रंग दिसला नाही.

सिग्नलवाला

मग काच निर्दोष सुटली. टप ते होल्डर ३ डेसिबल, एवढं कोणतीही साधी काच घेते. पण डॅशकॅमने १२ डेसिबल खाल्ले, म्हणजे गोंगाट सोळापट वाढवला.

हे होतं कसं ते समजून घ्या, म्हणजे उपाय सुचतील. उपग्रह २०,२०० किलोमीटरवर, जमिनीवर पोचणारा सिग्नल -१३० डीबीएमच्या आसपास, म्हणजे अत्यंत क्षीण. तो मुळातच सर्किटमधल्या उष्णतेच्या खळबळीखाली दबलेला असतो आणि रिसीव्हर ठरावीक सांकेतिक क्रम जुळवून त्याला वर काढतो. डॅशकॅममध्ये सेन्सर, प्रोसेसर, मेमरी कार्ड हे सगळे वेगवान ठोक्यांवर चालतात. त्या ठोक्यांचे गुणज वरपर्यंत पसरतात आणि स्वस्त कॅमेऱ्यांत त्यांना आवर घालणारं धातूचं कवच नसतं. सिग्नल अडत नाही, त्याच्या कानाशी कोणीतरी ढोल वाजवतंय.

आता गुन्हेगार कॅमेरा की चार्जर हे वेगळं करा. डॅशकॅम त्याच जागी ठेवून पॉवर बँकेवर चालवा, सॉकेट रिकामं. आकडा ४० च्या जवळ परतला तर चार्जर दोषी, तो बदला. आकडा २९-३० वरच राहिला तर गोंगाट खुद्द कॅमेऱ्यातून किंवा त्याच्या केबलमधून निघतोय.

दुसरं, कॅमेरा होल्डरपासून सरकवून बघा. अंतर दुप्पट झालं की गोंगाट ढोबळमानाने ६ डेसिबलने उतरतो, म्हणून २० सेंटिमीटरवरून ४० वर गेलात तरी दिसण्याइतका फरक पडतो. कॅमेरा आरशाच्या डाव्या बाजूला, काचेच्या वरच्या कडेला घ्या. केबल छताच्या अस्तरातून डाव्या खांबाने खाली उतरवा.

इथे थांबून एक इशारा: त्या खांबाच्या आत पडद्यासारखी एअरबॅग असते. केबल एअरबॅगच्या *मागून* गेली पाहिजे, तिच्यावरून किंवा तिला गुंडाळून मुळीच नको. जमत नसेल तर हे काम वायरिंग जाणणाऱ्याकडूनच करून घ्या. खांबाचं कव्हर ओढून काढण्याआधी बॅटरी सोडवायची आणि काही मिनिटं थांबायचं.

तारेवरची_कसरत

फेराइट मणी (केबलमधला गोंगाट शोषणारे) लावा असा सल्ला आता कोणीतरी देईल, म्हणून आधीच लिहितो. केबलवर चिमटा मारायचे जे नेहमीचे मणी मिळतात ते साधारण २५ ते ३०० मेगाहर्ट्झमध्ये कामाचे. एफएमची खरखर ते छान थांबवतात. दीड गिगाहर्ट्झला मात्र त्यांचा जोर संपलेला असतो. जास्त फ्रिक्वेन्सीच्या मिश्रणाचे मणी मिळतात, ते थोडे बरे. लावायचेच तर कॅमेऱ्याच्या टोकाला, प्लगपासून ५ सेंटिमीटरच्या आत. सॉकेटच्या टोकाला लावून उपयोग नाही, कारण मधली ३ मीटर केबल तोवर अँटेनाचं काम करून मोकळी झालेली असते.

कॅमेऱ्याला बाहेरून ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायचे व्हिडिओ फिरतात. तसं करू नका. मे महिन्यात काचेमागचा कॅमेरा आधीच भाजत असतो, त्याचे झरोके बुजवले की तो बंद पडेल किंवा आतली बॅटरी फुगेल.

कोकणकडा

थोडं वेगळं विचारतो. जुन्या गाडीत बाहेरून घेतलेला अँड्रॉइड स्क्रीन बसवलाय. त्याचा जीपीएस पहिल्या पावसाळ्यापर्यंत ठीक होता, आता '०/० उपग्रह' दाखवतो. पावसाने सिग्नल जातो का?

तारेवरची_कसरत

पावसाच्या थेंबांनी या फ्रिक्वेन्सीला जवळपास काहीच होत नाही. घाटात भिजलेली दाट झाडी डोक्यावर असली तर आकडे उतरतात, पण शून्यावर नाही. '०/०' याचा अर्थ बहुतेक वेळा अँटेनाची तार किंवा तिचं पोषण तुटलंय.

तुमच्या स्क्रीनला काडेपेटीएवढी चौकोनी अँटेना असेल, लोहचुंबकवाली, ३ मीटर केबलची. तिच्या पोटात २५ मिलिमीटरची सिरॅमिक चकती आणि एक छोटा ॲम्प्लिफायर असतो. ॲम्प्लिफायरला वीज त्याच केबलमधून जाते. स्क्रीनच्या मागे अँटेनाचा प्लग सोडवा, स्क्रीन चालू ठेवा आणि स्क्रीनच्या सॉकेटमधली मधली पिन व बाहेरची कडी यांच्यात मल्टीमीटरने डीसी व्होल्टेज बघा. ३ ते ५ व्होल्ट यायला हवेत. मोजताना मल्टीमीटरच्या टोकाने पिन आणि कडी एकमेकांना चिकटवू नका, नाहीतर चांगलं पोषणही तिथेच उडेल. व्होल्टेज येत असेल तर अँटेना किंवा केबल गेली, नवी जोडून बघा. शून्य येत असेल तर स्क्रीनचं पोषण जळालंय, आणि त्यामागे बहुधा कुठेतरी चेंगरलेल्या केबलचं शॉर्ट असतं. ती केबल शोधल्याशिवाय नवा स्क्रीन लावला तर तोही जाईल. अँटेनाचा रेझिस्टन्स मोजून निष्कर्ष काढू नका. आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, आकडा फसवतो.

पावसाळ्याचा संबंध दुसऱ्या वाटेने येऊ शकतो. अँटेना काचेच्या तळाशी, जाळीजवळ ठेवलेली असेल तर ओल जोडात शिरते आणि तांब्यावर हिरवं चढतं. टपावरच्या शार्कफिनचं रबर वाळून चिरलं तरी तेच होतं. प्लग उघडून हिरवट किंवा पांढरी बुरशी दिसली तर घासत बसू नका, केबलसकट बदला.

नवी बसवताना जागा नीट निवडा, कारण निम्म्या तक्रारी इथेच जन्मतात. बसवणारे घाईत अँटेना स्क्रीनच्या मागे सोडून देतात. तिथे डोक्यावर डॅशबोर्डच्या आतली आडवी लोखंडी तुळई आणि शेजारी स्क्रीनचाच गोंगाट. अँटेना डॅशबोर्डच्या वरच्या पृष्ठावर, काचेजवळ, चुंबकाची बाजू खाली आणि गुळगुळीत बाजू आकाशाकडे ठेवायची. खाली ७ बाय ७ सेंटिमीटरचा सपाट पत्रा असला तर ती आणखी चांगली चालते, कारण सिरॅमिक चकतीला खाली धातूची जमीन हवी असते. स्क्रीन आणि कॅमेऱ्यापासून निदान ३० सेंटिमीटर लांब. शेजारच्या प्रवाशाच्या एअरबॅगच्या झाकणावर मात्र चुकूनही नको. चिकटवायला जाड फोमची साधी टेप उन्हात सुटते, व्हीएचबी टेप वापरा.

उरलेली केबल मोकळ्या वेटोळ्यात बांधा, घट्ट घडी घालून नको. लांब जोडकेबल टाळा, या बारीक केबलमध्ये मीटरमागे एक डेसिबलच्या वर जातं. कंपनीच्या स्क्रीनला जोडायची झाली तर निळ्या कवचाचा फाक्रा प्लग जीपीएसचा. काळा आणि पांढरट हे रेडिओचे, ते तासून बसवायचा खटाटोप करू नका.

आणि शार्कफिन दिसतोय म्हणजे आत जीपीएस आहेच असं नाही. कितीतरी गाड्यांत त्यात फक्त रेडिओ असतो, काहींत नुसता रिकामा प्लॅस्टिकचा पंख.

घड्याळजी

जुना स्क्रीन असणाऱ्यांनी तारीखही बघावी. जागा बरोबर पण तारीख जवळपास वीस वर्षं मागे दिसत असेल तर तो रिसेप्शनचा दोष नाही. जीपीएस आठवडे १०२३ पर्यंत मोजतं आणि पुन्हा शून्यावर येतं. असं शेवटचं ६-७ एप्रिल २०१९ च्या रात्री घडलं. काही यंत्रांत ही मर्यादा नंतरच्या एखाद्या तारखेला येते, ते त्यांच्या फर्मवेअरवर ठरतं. अँटेना बदलून ते सुधारणार नाही, निर्मात्याचं अपडेट असेल तरच.

रानवाट

पॉवर बँकेवर आकडा ३१, म्हणजे दोष कॅमेऱ्याचाच. कॅमेरा आरशाच्या डाव्या कडेला वर नेला, होल्डर चालकाच्या बाजूला खाली घेतला. आता कॅमेरा चालू असताना होल्डरमध्ये ३८. आज सकाळी स्क्रीन तळघरातून बाहेर आल्यावर मिनिटभरात उठला. चार्जिंग पॅडवर मात्र २८ च्या वर जात नाही. पॅडच्या लहरींचा त्रास असेल का? आणि नाविक (भारताची स्वतःची उपग्रह दिशादर्शन यंत्रणा) पकडणारा फोन घेतला तर?

सिग्नलवाला

२९ वरून ३८, मग दुसरा कॅमेरा घ्यायची घाई नाही. घ्याल तेव्हा दुकानातच 'जीपीएसटेस्ट' लावून, कॅमेरा फोनशेजारी चालू करून आकडा किती पडतो ते बघा.

स्क्रीन मिनिटभरात उठला याचा अर्थ गाडीची अँटेनाही त्याच कॅमेऱ्याखाली चिरडली जात होती. स्क्रीनच्या माहितीच्या पानावर उपग्रहांची संख्या दिसत असेल तर कॅमेरा चालू-बंद करून तिथेही ताडून बघा. गाडी वॉरंटीत आहे, डॅशबोर्ड उघडू नका. बाण पुन्हा रेंगाळलाच तर सर्व्हिस सेंटरला 'अँटेना ओपन किंवा शॉर्ट'चा कोड स्कॅनरवर तपासायला आणि त्याची नोंद जॉबकार्डवर करायला सांगा.

पॅडची कॉइल शंभर-दोनशे किलोहर्ट्झवर चालते, जीपीएसपासून फार लांब. त्रास सहसा लहरींचा नसून जागेचा असतो. फोन खोल खोबणीत, वर डॅशबोर्ड, बाजूला धातूचा सांगाडा, आकाशाचा तुकडा तळहाताएवढा. वर फोन तापला की तो स्वतःला मंद करतो. अँड्रॉइड ऑटोला गाडीचा जीपीएस आता नीट मिळत असल्याने फोन पॅडवर राहिला तरी चालेल. नकाशा फोनवर लावाल तेव्हा होल्डरच.

नाविकचे सिग्नलही त्याच काचेतून आणि त्याच गोंगाटातून यायचे, त्यामुळे या दुखण्यावर तो उतारा नाही. घ्यायचाच तर एल१ (जीपीएसचा नेहमीचा सिग्नल) बरोबर एल५ हा दुसरा सिग्नलही पकडणारा फोन घ्या. ११७६.४५ मेगाहर्ट्झच्या या सिग्नलचे ठोके दहापट जलद असतात, म्हणून उंच इमारतींवर आपटून आलेला सिग्नल कोणता आणि सरळ आलेला कोणता हे फोनला जास्त चांगलं कळतं. सर्व्हिस रोडवर उडी मारणं त्याने कमी होतं. उड्डाणपुलावर की पुलाखाली हा घोळ मात्र राहील. तो नकाशाच्या अंदाजाचा प्रश्न आहे, रिसेप्शनचा नाही.

होल्डर चुंबकाचा असेल तर एवढं पाळा: धातूची चकती फोनच्या खालच्या अर्ध्या भागावर चिकटवा. बहुतेक फोनांत जीपीएसची अँटेना वरच्या कडेला असते, तिच्यावर चकती आली की बसल्या जागी पाच-सहा डेसिबल जाऊ शकतात.